कोमीन, माला जिन आणि सहअध्यक्ष: कुर्दी स्त्रियांच्या संघटनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्दी स्त्रियांची ही संघटना नेमकी कुठे चालते?

कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत विभागले गेले आहेत. खालचे बहुतेक तपशील सीरियाच्या ईशान्येकडच्या पट्ट्यातले, म्हणजे रोजावातले आहेत. कामिश्लो, देरिक, अमूदा, हसाका, कोबानी ही त्यातली ठळक गावे. ‘रोजावा’ म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा, पश्चिम. त्यातला ‘रोज’ आपल्याही ओळखीचा आहे. मराठीत तो फारसीतून आला आणि दिवस या अर्थाने राहिला.

जुलै २०१२ मध्ये सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्या सरकारच्या फौजा या पट्ट्यातल्या बहुतेक गावांतून मागे गेल्या. कामिश्लोचा विमानतळ आणि शहराचा एक कोपरा मात्र त्यांनी सोडला नाही. मागे राहिलेल्या पोकळीत मोहल्ल्यापासून वरपर्यंतच्या मंडळांची ही रचना उभी राहिली असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे. ‘येकितिया स्तार’ ही स्त्रियांची संघटना २००५ पासून घराघरांत गुपचूप बैठका घेत होती आणि त्यासाठी बायकांना तुरुंगवासही होत होता. २०१६ मध्ये तिचेच नाव ‘कोंग्रा स्तार’ झाले. ‘स्तार’ म्हणजे इश्तार, मेसोपोटेमियाची देवी.

बंदूक घेतलेल्या मुलींचे फोटो पाहिलेत. चळवळ म्हणजे त्याच ना?

त्या वायपीजे, म्हणजे स्त्री संरक्षण दलाच्या. हे दल ४ एप्रिल २०१३ रोजी स्थापन झाले. सप्टेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात कोबानीच्या वेढ्यात त्या इस्लामिक स्टेटशी लढल्या आणि जगभरच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर पोचल्या. लढाई खरी होती, मरणेही खरी होती. पण फोटोत न येणारी गोष्ट अधिक टिकाऊ निघाली: मोहल्ल्यातल्या बैठकीत कोण आधी बसते, कोण कोणाला निवडते आणि कोणाचा निर्णय कोण फिरवू शकत नाही, याचे नियम. या पानावर मुख्यतः त्याबद्दलच लिहिले आहे.

‘जिन, जियान, आझादी’चा अर्थ काय?

स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. कुर्दी ‘जिन’ आणि संस्कृत ‘जनि’ (स्त्री, पत्नी) हे एकाच मुळाचे शब्द. ‘जियान’ आणि आपले ‘जीवन’ही तसेच. ‘आझादी’ सांगायला नको. ही घोषणा तुर्कस्तान आणि सीरियातल्या कुर्दी स्त्रिया कितीतरी वर्षे देत होत्या. १६ सप्टेंबर २०२२ रोजी जिना महसा अमिनी हिचा तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी सक्केझ या तिच्या कुर्दी गावात, दफनाच्या वेळी, ही घोषणा झाली आणि तिथून इराणभर गेली. जिना हे तिचे घरचे कुर्दी नाव.

कोमीन म्हणजे काय? त्यात किती घरे असतात?

कोमीन हा रचनेचा सर्वांत खालचा थर. शहरात ३० ते २०० घरांची एक कोमीन, खेड्यात बहुधा अख्ख्या गावाची एक. अशा अनेक कोमीन मिळून मोहल्ल्याचे मंडळ, त्यावर तालुक्यासारखे मंडळ आणि त्यावर कँटन, म्हणजे प्रांत. दर कोमीनला स्त्री व पुरुष असे दोन सहअध्यक्ष असतात आणि कामाच्या समित्या असतात: समेट, संरक्षण, शिक्षण, आरोग्य, अर्थव्यवस्था, स्त्रिया. सगळ्या समित्या सगळीकडे चालतात असे समजू नका. समेटाची आणि स्त्रियांची बहुतेक ठिकाणी जिवंत असते, कारण त्यांच्याकडे रोज कोणीतरी येते. अर्थव्यवस्थेची बऱ्याचदा नुसती नावाला.

दैनंदिन काम अगदी साधे. हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी लागणारे डिझेल कोणाला किती मिळाले, गॅस सिलिंडरची यादी, भाकरीचा पुरवठा, विजेचा जनरेटर किती तास चालवायचा, नव्याने आलेल्या विस्थापित कुटुंबाला खोली कुठे. एखाद्या कुटुंबाला रहिवासाचा कागद लागला तरी तो कोमीनकडून घ्यायचा.

इथेच पहिला बिघाड होतो. लोक कोमीनला डिझेलचे रेशन दुकान समजू लागतात. डिझेल आले की बैठक भरते, नाही आले की सहअध्यक्षांच्या घरी भांडण. ज्या कोमीनने वाटपाशिवाय एकही काम हाती घेतले नाही, ती यादीपुरती उरली.

बैठक प्रत्यक्षात कशी होते?

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो ओळीने देतो.

१. आधी फक्त स्त्रियांची बैठक. ही कोणाच्या तरी घरी, दुपारी, स्वयंपाक उरकल्यावर होते. विषय ठरतात, कोण काय बोलणार ते ठरते. सहअध्यक्ष बाई याच बैठकीतून निवडली जाते.

२. मग सर्वांची बैठक. स्त्रियांची संख्या ४० टक्क्यांच्या खाली असेल तर गणपूर्ती होत नाही, बैठक पुढे ढकलतात.

३. पुरुष सहअध्यक्षाची निवड सगळे मिळून करतात. म्हणजे बाईची निवड बायका करतात आणि पुरुषाच्या निवडीतही बायकांचे मत असते. हा तिरपा हिशेब मुद्दाम ठेवलेला आहे.

४. स्त्रियांशी संबंधित विषयावर स्त्रियांच्या बैठकीने घेतलेला निर्णय मिश्र बैठकीला बदलता येत नाही.

पहिली पायरी गाळली की बाकीच्या तिन्ही पोकळ होतात. एखाद्या गावात ‘आपल्याकडे कसले भेदभाव, एकत्रच बसू’ असे ठरते. तिथे ४० टक्के बायका भिंतीला टेकून चहाचे कप सांभाळत बसतात आणि गणपूर्ती मात्र होते. नवऱ्यांनी संख्या भरायला बायकांना आणून बसवल्याची तक्रार सुरुवातीच्या वर्षांत सर्रास होती. त्यावर उपाय नवा नियम करण्याचा निघाला नाही. घरोघर फिरून दुपारची बैठक पुन्हा सुरू करावी लागली.

दोन अध्यक्ष कशाला? कामाचा खोळंबा होत नाही का?

होतो. सही दोघांची लागते. एक जण गावाला गेला की कागद अडतो. तरीही ही पद्धत कोमीनपासून नगरपालिका, दवाखाने, कँटनपर्यंत ठेवली गेली. कुर्दीत त्याला ‘हेवसेरोक’ म्हणतात. ‘हेव’ म्हणजे बरोबरीने, ‘सेरोक’ म्हणजे अध्यक्ष. अपवाद दोनच. केवळ स्त्रियांच्या संस्थेत पुरुष सहअध्यक्ष नसतो, आणि लष्करात वायपीजी (लोकसंरक्षण दल) व वायपीजे यांचे नेतृत्व वेगवेगळे.

मराठी वाचकाच्या मनात लगेच ‘सरपंचपती’ येतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा स्त्रियांना आहेत, आणि खुर्चीमागे उभा राहून उत्तरे देणारा नवराही आपण पाहिला आहे. रोजावात हा धोका दुसऱ्या रूपात येतो. बाहेरचा माणूस कार्यालयात आला की तो सवयीने पुरुष सहअध्यक्षाकडे बघून बोलतो, पैशाचे आणि रस्त्याचे काम त्याच्याकडे जाते, बाईकडे ‘सामाजिक’ विषय उरतात. म्हणून काही ठिकाणी बाई सहअध्यक्षाला अर्थ आणि बांधकामाची खाती मुद्दाम दिली गेली.

४० टक्क्यांचा नियम कुठे लिहिलेला आहे?

जानेवारी २०१४ च्या ‘सामाजिक करारा’त, म्हणजे रोजावाच्या राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात, कलम ८७ मध्ये. शब्द नीट वाचा: कोणत्याही एका लिंगाचे प्रतिनिधित्व ४० टक्क्यांहून कमी नको. म्हणजे नियम पुरुषांनाही लागू. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नवा, १३४ कलमांचा करार आला.

माला जिन म्हणजे आश्रयगृह का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘माल’ म्हणजे घर. माला जिन म्हणजे बाईचे घर. पहिले २०११ मध्ये कामिश्लोत उघडले. ते साधारण दोन-तीन खोल्यांचे असते: एक बसायची, एक कागदपत्रांची, आणि चहाची शेगडी. तिथे बसणाऱ्या बहुतेक जणी मोहल्ल्यातल्या प्रौढ बाया, ज्यांचा शब्द चार घरांत मानला जातो. कायद्याची पदवी अपेक्षित नाही.

प्रकरण असे पुढे सरकते. बाई येते, तिचे म्हणणे एकटीने ऐकून लिहून घेतात. नंतर नवऱ्याला किंवा बापाला निरोप जातो. तो आला नाही तर ‘असायिश’ या सुरक्षादलाच्या स्त्री शाखेला कळवतात. त्याचेही म्हणणे वेगळे ऐकतात. मग दोघांना समोरासमोर बसवून लेखी करार: मारहाण नाही, खर्चाला इतके पैसे, मुलगी शाळेत जाईल, अमुक तारखेला पुन्हा भेट. ही पुन्हा भेटीची तारीख कागदावर नसेल तर करार आठवड्याभरात हवेत विरतो. जमले नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जाते आणि माला जिनची नोंदवही तिथे पुरावा म्हणून धरली जाते. खून किंवा गंभीर हिंसा असेल तर समेटाचा प्रयत्नच नाही, थेट न्यायालय.

काय बिघडते? समेट ‘यशस्वी’ झाला की आकडा चांगला दिसतो, त्यामुळे बाईला परत त्याच घरात पाठवण्याचा ओढा असतो. दुसरे, सुरक्षित निवारे थोडे आणि तिची स्वतःची कमाई नाही, त्यामुळे ‘परत जाते’ हे तिचे उत्तर खरोखर तिचे आहे की नाही ते ठरवणे कठीण. तिसरे, लहान गावात दारात चप्पल दिसली तरी बातमी होते. म्हणून बऱ्याच जणी शिवणाचा वर्ग किंवा आरोग्याची चौकशी असे निमित्त काढून येतात, आणि हुशार कार्यकर्त्या ते निमित्त जपतात.

स्त्रियांच्या कायद्यात नेमके काय आहे?

जझीरा कँटनने (कामिश्लो, हसाका याच भागातले) नोव्हेंबर २०१४ मध्ये ३० कलमांचा स्वतंत्र कायदा केला. लग्नाचे किमान वय १८. बहुपत्नीत्वाला बंदी. वारसा आणि साक्ष यांत स्त्री-पुरुष समान. ‘इज्जती’च्या नावाने केलेला खून हा साधा खूनच, त्याला सवलत नाही. मुले १५ वर्षांची होईपर्यंत ताबा आईकडे, तिने पुन्हा लग्न केले तरी.

दोन कलमे मराठी वाचकाला चटकन कळतील. कुर्दी समाजात हुंडा नाही. उलट मुलीच्या बापाला ‘कलेन’ दिला जातो. आपल्या जुन्या शब्दांत देज. आणि ‘बेर्देल’, म्हणजे तुझी बहीण माझ्या घरी, माझी तुझ्या घरी: हुबेहूब साटेलोटे. देज वाचावे म्हणून साटेलोटे होते, आणि एक जोडपे मोडले की दुसऱ्या घरातल्या बाईलाही माहेरी धाडतात, तिचा संसार सुखाचा असला तरी. कायद्याने दोन्हींना मनाई केली.

मग बहुपत्नीत्व थांबले का?

कुर्दी शहरांत बरेच कमी झाले. पण पळवाटा राहिल्या: शेखसमोर निकाह लावायचा, किंवा दमास्कसच्या सरकारी कार्यालयात नोंद करायची. इस्लामिक स्टेटच्या पाडावानंतर मनबिज, रक्का, देर अझ-झोर हे अरबबहुल भाग रोजावाच्या प्रशासनाखाली आले, तेव्हा तिथल्या टोळीप्रमुखांनी उघड विरोध केला आणि कायद्याची अंमलबजावणी सैल ठेवली गेली. हा व्यवहार होता. कोणी त्याला तडजोड म्हणते, कोणी माघार. आमच्या मते वरून लादलेला कायदा तिथे उलट फिरला असता. तिथल्या अरब स्त्रियांसाठी ‘झेनोबिया’ ही वेगळी संघटना २०२१ मध्ये रक्क्यात उभी राहिली; नाव पाल्मीराच्या राणीचे.

स्त्रियांच्या सहकारी संस्था चालतात का?

काही चालतात. ‘अबोरिया जिन’ ही स्त्रियांच्या अर्थकारणाची समिती पडीक सरकारी जमीन किंवा सुरुवातीचे भांडवल मिळवून देते. बायका गटाने गहू, मसूर, जिरे घेतात, किंवा भाकरीची भट्टी, शिवणकाम, दुग्धपदार्थ करतात. उत्पन्नातून आधी बियाणे-डिझेलचा खर्च, मग ठरलेला भाग सामायिक निधीला, उरलेले सभासदांत.

बुडतात त्यांची कारणे ठरलेली आहेत. पाऊस: २०२१ चा दुष्काळ इतका तीव्र होता की कोरडवाहू गहू कित्येक शेतांत कापण्याइतकाही वाढला नाही. पाणी: सेरेकानियेजवळचे अलूक हे पाणीकेंद्र ऑक्टोबर २०१९ पासून तुर्कस्तान आणि त्याच्या पाठबळावरच्या गटांच्या ताब्यात गेले, हसाका भागातले सुमारे ४ लाख ६० हजार लोक त्यावर अवलंबून होते. चलन: सीरियन पौंड घसरत गेला, त्यामुळे पेरणीच्या वेळी ठरवलेला भाव मळणीला निरर्थक. आणि सीमा बंद असल्याने सुटा भाग मिळत नाही, एक शिलाई यंत्र महिनाभर पडून राहते.

याखेरीज एक आतले कारण आहे. सभासद स्वतःला मजूर समजतात आणि समितीला मालक. ‘पगार कधी?’ हा प्रश्न ऐकू आला की समजावे, हिशेब फक्त एकीला कळतो आहे. जिथे दर आठवड्याला वही सर्वांपुढे मोठ्याने वाचली जाते (निम्म्या जणींना वाचता येत नसेल तर मुद्दाम), तिथे हा प्रश्न लवकर मावळतो.

जिनवार हे गाव खरेच फक्त बायकांचे आहे?

स्त्रियांचे आणि त्यांच्या मुलांचे. दिरबेसियेजवळ २५ नोव्हेंबर २०१६ रोजी पायाभरणी आणि बरोबर दोन वर्षांनी उद्घाटन. कच्च्या विटांची सुमारे ३० घरे, भट्टी, शाळा, औषधी वनस्पतींवर भर असलेला दवाखाना. राहणाऱ्या म्हणजे विधवा, घटस्फोटित, लग्न नको असलेल्या. पुरुष पाहुणे दिवसा येऊ शकतात, मुक्काम नाही. ऑक्टोबर २०१९ च्या तुर्की हल्ल्यात काही काळ गाव रिकामे करावे लागले. मातीच्या भिंती हिवाळी पावसाआधी लिंपाव्या लागतात, ते काम सामूहिक. हे गाव पाहुण्यांना फार आवडते, पण त्यावरून सगळ्या रोजावाचा अंदाज बांधू नका.

‘तेकमील’ काय असते?

बैठकीच्या किंवा कामाच्या शेवटी होणारी टीका-आत्मटीका. आधी स्वतःची चूक, मग इतरांच्या वागण्याबद्दल, थोडक्यात. ज्याच्याबद्दल बोलले त्याने तिथे उत्तर द्यायचे नाही, सफाई द्यायची नाही. टीका वागणुकीवर, माणसावर नाही. चांगली चालली तर महिनोन्महिने साचणारी कुरबुर दहा मिनिटांत निघते. वाईट चालली तर नवख्या जणी फक्त ‘मी उशिरा आले’ म्हणून मोकळ्या होतात आणि वरिष्ठांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

जिनेओलोजी म्हणजे स्त्री-अभ्यास?

जवळचे, पण तेच नाही. शब्द कुर्दी चळवळीचे नेते अब्दुल्ला ओजालान यांनी २००८ च्या सुमारास मांडला: स्त्रीच्या बाजूने समाज, इतिहास, आरोग्य, अर्थकारण यांचे ज्ञान पुन्हा रचणे. कामिश्लोच्या रोजावा विद्यापीठात तो विषय आहे, आणि खेड्यांत त्याच नावाने आजीबाईंच्या औषधांची नोंद घेण्यापर्यंतची कामे होतात. त्यातले नवपाषाणयुगीन मातृसत्तेबद्दलचे ठाम दावे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मान्य नाहीत. ते दावे बाजूला ठेवूनही उरलेल्या कामाला अर्थ आहे.

स्त्रीमुक्ती, आणि भिंतीवर फोटो एका पुरुष नेत्याचा?

प्रश्न रास्त आहे. तो फोटो ओजालान यांचा. ते १५ फेब्रुवारी १९९९ पासून कैदेत आहेत, तुर्कस्तानच्या इम्राली बेटावर. त्यांचा पीकेके (कुर्दिस्तान कामगार पक्ष) हा सशस्त्र पक्ष १९७८ मध्ये स्थापन झाला. संस्थापकांत साकिने जान्सिझ होत्या. तुर्कस्तानातल्या दियारबाकिरच्या तुरुंगात त्यांचा छळ झाला आणि ९ जानेवारी २०१३ रोजी पॅरिसमध्ये आणखी दोघींसह त्यांची हत्या झाली. वेगळ्या स्त्री संघटनेचा आग्रह अशा बायकांनी पक्षाच्या आत भांडून मिळवला: १९८७ मध्ये परदेशस्थ स्त्रियांची संघटना, १९९३ पासून वेगळ्या तुकड्या, १९९५ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र परिषद. नेत्याचा पाठिंबा त्यांना ढाल म्हणून उपयोगी पडला. पण ढालीचीच पूजा होते, आणि त्याच्या शब्दाला प्रश्न विचारणे अवघड होते, हेही तितकेच खरे.

बाकी टीका?

लपवण्यासारखी नाही. २७ जून २०१३ रोजी अमूदात निदर्शकांवर वायपीजीच्या दलाने गोळीबार केला, त्यात माणसे मेली. विरोधी कुर्दी पक्षांची कार्यालये बंद पाडली गेली. अल्पवयीन मुला-मुलींच्या भरतीच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी ती थांबवण्याचा करार झाला, तरी नंतरही पालक मुलींचा शोध घेत फिरत होते. कोमीनचे निर्णय खालून वर जातात असे सांगितले जाते. युद्ध, तेल आणि परराष्ट्र या विषयांत मात्र ते वरूनच येत.

सीरियाबाहेर असे कुठे आहे?

तुर्कस्तानात कुर्दी पक्षाने २०१४ च्या निवडणुकीपासून नगरपालिकांत सहमहापौर नेमले. कायदा एकालाच ओळखत असे, म्हणून दुसरी व्यक्ती नगरसेवक म्हणून निवडून यायची. सप्टेंबर २०१६ पासून सरकारने तिथे ‘कय्युम’, म्हणजे प्रशासक बसवले. दियारबाकिरच्या सहमहापौर गुलतान किशानाक यांना त्याच ऑक्टोबरमध्ये अटक झाली आणि प्रशासकांनी बऱ्याच ठिकाणी स्त्री केंद्रांना टाळे लावले. इराकमधल्या मखमूर छावणीत तुर्कस्तानातून आलेले निर्वासित १९९८ पासून राहतात. तिथले मंडळ आणि स्त्रियांची ‘इश्तार’ परिषद रोजावाच्याही आधीची.

असद गेल्यानंतर काय?

सीरियाच्या वायव्येकडच्या आफ्रिन या कुर्दी भागातली रचना मार्च २०१८ मध्येच, तुर्की ताबा आल्यावर, संपली होती. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली. १० मार्च २०२५ रोजी ईशान्येच्या कुर्दी नेतृत्वाखालील फौजेचे सेनापती मजलूम अब्दी आणि सीरियाचे हंगामी अध्यक्ष अहमद अल-शरा यांनी ईशान्येच्या संस्था सीरियन राज्यात सामावण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर दोन गोष्टी विशेष वादात राहिल्या: वायपीजे वेगळे दल म्हणून राहणार का, आणि दमास्कसचा कायदा लागू झाला तर सहअध्यक्षांचे आणि माला जिनच्या नोंदींचे स्थान काय.

आमच्या संघटनेत यातले काय करून पाहता येईल?

सहअध्यक्षांपासून सुरुवात करू नका. ते सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत लवकर पोकळ होणारे. मोठ्या बैठकीआधी बायकांची वेगळी बैठक घ्या, तिचे इतिवृत्त वेगळ्या वहीत ठेवा, आणि कोणत्या तीन-चार विषयांवर तिचा निर्णय अंतिम राहील ते आधीच लिहून मंजूर करून घ्या. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. ती बऱ्याच गावांत रजिस्टरवरच्या सह्यांपुरती उरते, कारण तिने ठरवलेले पुढच्या सभेत सहज उडवता येते. वेळ बायकांच्या सोयीची, मुलांकडे बघायला कोणीतरी नेमलेले, आणि गणपूर्ती मोजताना आलेल्यांबरोबर बोललेल्यांचीही नोंद.

गावांची नावे दोन-दोन का दिसतात?

एक कुर्दी, एक अरबी. कोबानी म्हणजे ऐन अल-अरब, देरिक म्हणजे मालिकिया. सेरेकानिये आणि रास अल-ऐन या दोहोंचा अर्थ झऱ्याचे मुख. गिरे स्पी आणि तल अब्यद या दोहोंचा अर्थ पांढरी टेकडी. बाथ पक्षाच्या, म्हणजे असद यांच्या पक्षाच्या, राजवटीत कुर्दी नावे पाट्यांवरून पुसली गेली होती, त्यामुळे शोध घेताना दोन्ही नावे टाका. आणि इंग्रजी बातमीत दिसते त्यावरून ‘ओकलान’ लिहू नका, उच्चार ओजालान.